नाकासाठी मुळगावात एक मुक्काम

पेडण्याहून म्हापशाला येणाऱ्या बसमध्ये मला बोंडांचा वास आला.

यात सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. काजूच्या दिवसांत आमच्या पेडण्यात बोंडांचा वास कुणाला येत नाही? फेणीच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, काजूची बोंडं पिळली जात असतात, आणि त्या आंबूस-गोड वासाने रस्त्यावरचा माणूस न पिताच अर्धा झिंगतो. पण मला वर्ष-दीड वर्ष कसलाच वास येत नव्हता. एका तापात माझं नाक गेलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर जागच्या जागी होतं, पण कामावर येत नव्हतं.

वास आला, एक क्षणभर राहिला आणि बस पुढे गेली तसा गेलाही. मी खिडकीतून जवळजवळ अर्धी बाहेर गेले. मग मनात शंका आली, आला की मीच आणला? शेजारी म्हापशाच्या बाजाराला निघालेली एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसली होती. तिला विचारलं, "बोंडांचो वास येता काय गो?"

"येता तर," ती म्हणाली. "थंय भट्टी आसा न्हय?"

भट्टी मला झाडांमुळे दिसलीच नव्हती. म्हणजे वास खरा होता. मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी बाईचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि टोपली जरा स्वतःकडे ओढली.

मी खाण्यावर जीव असलेली बाई आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. नवऱ्याची नोकरी झाशीला, माहेर पेडण्याला. दर मे महिन्यात मी माहेरी येते आणि परत जाताना वास्कोहून सुटणारी गाडी पकडते. माहेराला जवळचं स्टेशन सोडून कुठे वास्कोला जातेस, असं भाऊ दरवर्षी विचारतो. तिथूनही झाशीला गाडी आहे. पण वास्कोला जायचं म्हटलं की वाटेत मुळगावला मुक्काम करता येतो, आणि मुळगावला माझी नणंद राहते. तिच्या हातच्या बांगड्याच्या हुमणासाठी, म्हणजे खोबऱ्याच्या रश्शासाठी, मी याहून लांबचा वळसाही घातला असता. संध्याकाळी पोचायचं, रात्री जेवायचं, सकाळी न्याहारी, दुपारी लवकर जेवण आणि मग वास्को. माझ्या प्रवासाचं वेळापत्रक असं पानावर ठरतं.

नाक गेल्यापासून मात्र या सगळ्याची माती झाली होती. खारट कळे, आंबट कळे, तिखट तर फारच कळे. पण हुमण आणि वरण यांत फरक उरला होता तो रंगाचा. स्वयंपाक मी नाकाने करणारी. मसाला भाजून झाला हे मला डोळ्यांनी कधी बघावं लागलं नव्हतं. आता खोबरं दोनदा करपवलं, एकदा वास लागलेल्या दुधाचा चहा केला. नवरा प्यायला आणि "छान" म्हणाला, त्याचं मला जास्त लागलं. झाशीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल किंवा येणार नाही, ओळखीचे वास घेत राहा. झाशीत माझ्या ओळखीचे वास कुठून आणू? माझं नाक वाढलं ते पेडण्याच्या खाडीवर आणि काजूच्या बागांत. यायचं तर ते इथेच येईल, अशी मी मनाशी गाठ बांधली होती. महिनाभर माहेरी काही झालं नाही, आणि आज निघता निघता बसमध्ये हे झालं. उद्या दुपारच्या गाडीपर्यंत वेळ होता. म्हापशाला बस बदलून मी भलतीच जोशात मुळगावला उतरले.

फाटकातूनच ओरडले, "वन्सं, वास आला."

नणंद अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात धरून म्हणाली, "कसलो?"

"बोंडांचो. बसीत. एकदाच आयलो आनी गेलो."

"एकदां आयलो म्हणजे वाट गावली त्याका," ती म्हणाली. "फाल्यां गाडयेत बसचे पयलीं हाडूया ताका परत."

माझी नणंद अशी आहे. दुसरं कुणी असतं तर देवाची कृपा वगैरे म्हणालं असतं. तिने उद्या गाडीत बसायच्या आत वास परत आणायचं काम लगेच हातात घेतलं. मी पायरी चढत म्हटलं, मग आज हुमणच करा, तेफळं सढळ हाताने घाला. आणि तेवढ्यात व्हरांड्याच्या कोपऱ्यात टेकवलेली रंगीत गोंड्यांची वेताची काठी मला दिसली. मी चढता चढता थांबले.

माझे नंदोई, त्यांना मी भाऊजी म्हणते, देवीचे धोंड आहेत, जत्रेत ती काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालणारे भक्त. जत्रेच्या आधी काही दिवस ते व्रत धरतात. रोज झरीवर अंघोळ, व्हरांड्यात वेगळं झोपणं, आणि जेवण शिवराक. शिवराक म्हणजे मासळी, मटण, अंडं काही नाही. आणि ते एकट्यांपुरतं नसतं. त्या दिवसांत घरातच मासळी येत नाही, कुणी हात लावत नाही, मासळीचं भांडंदेखील बाहेर ठेवतात. जत्रा वैशाखात असते हे मला लहानपणापासून पाठ. पण झाशीत राहून माझ्या डोक्यातलं पंचांग कधीच बंद पडलं होतं. मी सुट्टी बघितली, तिकीट बघितलं, तिथी बघितली नाही.

व्हरांड्यातून भाऊजी म्हणाले, "झाशीक पंचांग मेळना काय?"

"मेळटा," मी म्हटलं, "पण त्यात बांगडे दाखयनात."

ते हसले. पण मी मनातून खट्टू झाले होते. ज्या वासासाठी मी वळसा घालून आले, तोच या घरात औषधालाही मिळणार नव्हता. नणंदेने माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, मासळीलाच वास असतो असं कुणी सांगितलं तुला?

मग सुरू झाली आमची मोहीम. पहिला मान फणसाचा. परसातला चांगला पिकलेला रसाळ फणस तिने अंगणात आणून फोडला. चिकाने हात बरबटले, माशा घोंघावायला लागल्या. मी त्यात नाक खुपसून बसले. काही नाही. कुंपणापलीकडून शेजारीण आली. ती मूळची सावंतवाडीकडची, नवरा खाणीवरचे ट्रक चालवायचा तेव्हा इथे आली आणि इथलीच झाली. म्हणाली, "फणस फोडलास? माझ्या चुलीकडे वास इलो."

"बघ," नणंद मला म्हणाली, "तिच्या घरान पावलो, तुज्या नाकान पावना."

मला हसू आलं आणि थोडा रागही. एवढा मोठा फणस, आणि माझ्या वाट्याला त्याचा नुसता गोड बुळबुळीतपणा. तरी मी गरे मोजले नाहीत, खात राहिले. खाण्याला मी अशी सहजासहजी सोडणारी नाही.

भाऊजींनाही स्फुरण चढलं. व्रतामुळे ते आमच्यात येऊन बसत नव्हते, पण लांबून सूचना देत होते. मग त्यांनी स्वतःच अंगणाच्या टोकाला तीन दगड मांडले, फुटक्या पत्र्यावर काजूच्या बिया घातल्या आणि खाली जाळ केला. टरफलांतलं तेल पेटलं, काळा धूर उठला, बिया उडायला लागल्या. तो वास ज्याने घेतला आहे त्याला तो विसरता येत नाही. मी वाऱ्याच्या खालच्या बाजूला जाऊन उभी राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, खोकून खोकून घसा सोलवटला.

"आयलो?" भाऊजींनी विचारलं.

"धूर आला," मी म्हटलं. "वास नाही."

"धूर आयलो म्हणजे दार उक्तें आसा," ते म्हणाले, आणि त्या उघड्या दारासाठी आणखी मूठभर बिया पत्र्यावर टाकल्या.

त्या संध्याकाळी आम्ही काय काय केलं याला सुमार नाही. मोगऱ्याचा गजरा, हिंगाची डबी, तूप कढवताना पातेल्यावर धरलेलं माझं तोंड, ताजी फोडलेली पिकली कोकमं. प्रत्येक वेळी नणंद माझ्या चेहऱ्याकडे अशी बघायची, जणू माझ्या नाकात दिवा लागणार आहे. आणि प्रत्येक वेळी मी मान हलवायची. गंमत अशी की मला वाईट वाटण्यापेक्षा मजाच जास्त वाटत होती. दीड वर्ष माझं नाक ही माझी एकटीची अडचण होती. नवरा बिचारा त्यावर बोलायचं टाळायचा. इथे अख्खं घर, शेजारीण धरून, माझ्या नाकाच्या मागे हात धुऊन लागलं होतं. मी पोटभर हसले, आणि खूप दिवसांनी भूक लागल्यासारखी जेवले.

सकाळी पोदेराच्या भोंग्याने जाग आली. आमच्याकडे पाववाल्याला पोदेर म्हणतात, आणि सायकलवरून भोंगा वाजवत तो आला की गाव उठतं. मी केस न विंचरताच फाटकाशी गेले, गरम पोळी घेतली, तिथेच मोडली आणि आतल्या वाफेत नाक घातलं. ही पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव. लहानपणी मी हा वास घेत घेत फाटकापासून चुलीपर्यंत अर्धी पोळी संपवायची. वाफ गरम लागली. एवढंच. पोदेर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शिळी ना गो, आतांची आसा."

त्याला कुठे सगळी कहाणी सांगत बसू? मी आणखी चार पोळ्या घेतल्या.

न्याहारीला पातळ भाजीत बुडवून पोळी खाल्ली. मग नणंदेने शेवटचा डाव टाकला. जेवणाला तिने घोटांचं सासव केलं. घोटां म्हणजे आमचे छोटे, रेषाळ, आंबटगोड रायवळ आंबे. त्यांत खोबरं आणि कच्ची मोहरी वाटून घालतात. मोहरी वाटताना तिने मला रगड्याजवळच बसवलं. झणका असा गेला की थेट टाळूला. मी किंचाळले, "काहीतरी झालं."

पण तो झणका होता. डोळ्यांना, टाळूला, कपाळाला कळला, नाकाला नाही. खतखत्यात, म्हणजे मिसळीच्या पातळ भाजीत, तिने तेफळं, म्हणजे तिरफळं, नेहमीच्या दुप्पट घातली होती. ती चावायची नसतात, नुसता वास उतरायला घालतात. मी मुद्दाम एक चावलं. जीभ बधिर झाली, ओठ झिणझिणले, आणि वास तेवढा आला नाही.

पान समोर तसंच राहिलं. बस पकडायला निघायची वेळ जवळ आली होती. आता मला खरोखर रडू आलं. कालच्या त्या एका क्षणाने मला नको तेवढी आशा लावली होती. तो आला नसता तर बरं, असंही वाटून गेलं. नणंद बघते आहे म्हणताना मी म्हटलं, मोहरी फार जहाल झाली हो.

"जाली खरी," ती म्हणाली आणि सासवातलं आणखी एक घोट माझ्या पानात वाढलं. तिलाही ठाऊक होतं, मोहरी कशी झाली होती ते.

निघताना भाऊजींनी व्हरांड्यातूनच हात जोडले. भाजलेल्या काजूंची पुडी नणंदेने माझ्या हातात दिली. मोठी पिशवी शेजारणीने उचलली, नको म्हटलं तरी माझ्या मागोमाग स्टॉपपर्यंत आली आणि बसमध्ये स्वतः चढवून गेली. डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्को. बस झुआरीवरच्या पुलावर आली तेव्हा खाली नदी चमकत होती आणि पाण्यात खनिज वाहणाऱ्या बार्जी उभ्या होत्या. खाडीचा वारा तोंडावर आला. मी सवयीने नाक फुलवलं आणि मग स्वतःलाच गप्प केलं.

वास्कोला पोचले तेव्हा गाडीला अजून अवकाश होता. व्रत भाऊजींचं होतं, माझं नव्हतं. स्टेशनजवळच्या एका छोट्या हॉटेलात शिरले आणि तळलेला बांगडा मागवला. दोन-तीन तासांपूर्वी जेवून उठलेली बाई, पण हिशेब चुकता करायचा राहिला होता. बांगडा कुरकुरीत होता, मीठ-मसाला अगदी बेताचा, रव्याचं कवच दाताखाली मोडलं की आतलं मांस नुसतं विरघळत होतं. त्याला काय वास असतो ते मी आठवून आठवून खाल्ला. खोटं कशाला बोलू, अर्धा आठवला, अर्धा खाल्ला, आणि तरी बोटं चाटली.

गाडीत बसले. एसीचा डबा, खिडक्या बंद. समोर भोपाळला निघालेलं एक वयस्कर जोडपं होतं, फार सभ्य, बोलायला मृदू. मी पिशवी बर्थखाली सरकवली, चप्पल काढली आणि पडदा ओढून पडून राहिले. मडगाव गेलं. दोन्ही बाजूंनी झाडी दाट व्हायला लागली. मी कुणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

थोड्या वेळाने माझं डोकं भणभणायला लागलं. डब्यात भयंकर घाण होती. मी उठून बसले, इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या आजींनी पदर नाकाला लावला होता. आजोबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. एवढं तिकीट काढून ही तऱ्हा? माझा पारा चढला. मधल्या वाटेने डब्याचा कर्मचारी चादरी घेऊन जात होता, त्याला थांबवलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत झाडायला सुरुवात केली. इथे उंदीर मेला आहे, मी म्हटलं. आठ दिवसांपूर्वी मेला असणार. डबा धुता की नाही? ही माणसं बिचारी नाक धरून बसली आहेत, तुम्हाला दिसत नाही का?

तो मुकाट्याने वाकला आणि बर्थखाली बघायला लागला. आजोबांनी घसा साफ केला. अगदी संकोचून, माझी क्षमा मागितल्यासारखं ते म्हणाले, की ताई, वास तुमच्या पिशवीतून येतो आहे, आम्ही मघापासून सांगावं की न सांगावं या विचारात होतो.

मी पिशवी ओढली. कपड्यांच्या कडेने खोल खुपसलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक जाड पुडा होता. मी तो ठेवलेला नव्हता. सुतळी सोडली आणि आत सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि खारवलेली मोरी मासळी. पुडा उघडल्याबरोबर ती घाण अशी अंगावर आली की आजी उठूनच गेल्या. कर्मचारी दोन पावलं मागे सरला. मी मात्र होते तिथेच, पुडा मांडीवर घेऊन, तोंड उघडं टाकून बसले. मी इतका वेळ कशावरून भांडत होते ते आता कुठे माझ्या डोक्यात शिरत होतं.

मी फोन लावला. "वन्सं, पिशवीत सुकी मासळी कुणी घातली?"

"शेजारणीन," नणंद म्हणाली. "घरान व्रत, हांव हात कशी लावूं गो? आमची पावसाची सुकी मासळी ह्या दिसांनी तिच्या घरान दवरतां. तिका सांगलें, बसीर चढयतना तुज्या पिशवेंत घाल म्हणून. आनी तुका सांगलें आसतें तर तूं म्हणटली आसली, वास येना तिका मासळी कित्याक. कितें जालें? तिणें प्लास्टिकान गुठलावंक ना काय?"

"नाही," मी म्हटलं. "कागदात बांधलीय."

"घाण येता? लोक बोवाळ करतात? वायट जाल्या जाल्यार उडय गो भायर. परत धाडीन."

समोरून आजोबा काळजीने बघत होते. त्यांना वाटलं असावं, घरून काही वाईट बातमी आली. मी पुडा तसाच उघडा छातीशी धरला होता, मोरीचा तो खारट, कुबट, ओशट वास श्वासागणिक आत जात होता, आणि मी हमसाहमशी रडत होते.

"येते," मी कशीबशी म्हणाले. "केवढी घाण येते हो, वन्सं."

मग फोन बाजूला धरून ती व्हरांड्याकडे ओरडली, "अहो, आयकलें? तिका घाण येता. तिका घाण येता म्हणटा." मागून भाऊजींचा आवाज आला, कसली घाण ते विचारणारा. त्यांना उत्तर न देता, फोन हातात तसाच चालू ठेवून, ती शेजारणीला हाका मारत अंगणात धावली.